भावजींची जीभ

त्या घरात वहिनींना सगळेच वहिनी म्हणत. धाकट्या दिराचं ऐकून ऐकून पोटच्या मुलांनाही तीच सवय लागलेली. आई म्हणणारी एकटी सून. दर रविवारी मुलगा-सून, मुलगी-जावई जेवायला येत आणि परत जाताना जिना कठडा धरूनच उतरत, इतकं वहिनी वाढत.

त्या हिवाळ्यात वहिनींना सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेली. चहा म्हणजे गरम पाणी आणि पाव म्हणजे कापूस. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वहिनींनी हे नवऱ्यालाही सांगितलं नाही. सुनेच्या कानावर गेलं असतं तर "आई, आता तुम्ही आराम करा" म्हणत ती पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली असती, आणि आराम करायची वहिनींना मनापासून भीती वाटे.

पण मिठाचं काय करायचं? त्यावरचा इलाज वरच्या मजल्यावर राहत होता. धाकटे दीर बिनलग्नाचे, छापखान्यात मुद्रितं तपासायला. दिवसभर लोकांच्या चुका काढायची इतकी सवय, की ताटातही त्यांना चुकाच दिसत. "भाजी बरी आहे, मीठ एका मात्रेने कमी आहे," असं ते तोंडावर सांगत. म्हणून वहिनींनी त्यांना शेगडीजवळ कधी फिरकू दिलं नव्हतं. आता त्याच रोज हाक मारू लागल्या, "भावजी, जरा चाखून बघता का?"

पहिल्या दिवशी भावजी दारातच थबकले. "माझं काही चुकलं का, वहिनी?"

"चुकतंय कशाला? तुमच्याइतकी पारख आहे कुणाला?"

भावजी हरखले. आठवडाभरात त्यांनी स्वतःचा चमचा आणून खिळ्याला टांगला. रस्सा तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चिमूटभर." वहिनी चिमूटभर घालायच्या. स्वयंपाक असा जमू लागला की नवऱ्याने विचारलं, "हल्ली काय घालतेस गं यात?"

"तुमच्या भावाला," त्या म्हणाल्या. नवऱ्याला काही कळलं नाही.

मग भावजींना सर्दी झाली. तीच. चव गेली, वास गेला. पण इतका मान त्यांना जन्मात मिळाला नव्हता, तो नाकापायी कोण सोडेल? ते गप्प राहिले.

रविवारी मोठ्या पातेल्यात मटण शिजत होतं. वहिनी स्टुलावर बसून मटार सोलत होत्या, भावजी चमचा धरून उभे होते.

"मीठ?"

भावजींनी डोळे मिटले. "अजून चिमूटभर."

थोड्या वेळाने वहिनींनी विचारलं, "वास कसा सुटलाय?"

"शुद्ध. एकही चूक नाही."

त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या बाई नाकाला रुमाल लावून जिन्यात आल्या होत्या. त्यांच्यामागून सून धावत वर आली आणि तिने दार ढकललं. "आई, काय जळतंय?"

"कुठे काय?" दोघं एकदमच म्हणाले.

सुनेने झाकण काढलं. तळ कोळसा झाला होता. वरचं मटण मागोमाग आलेल्या जावयाने हौसेने चाखलं आणि तसाच बेसिनकडे गेला.

भावजी वहिनींकडे बघू लागले. "तुम्हाला जळका वास आला नाही?"

"तुम्हाला नाही आला?"

"मला गुरुवारपासून काहीच येत नाही."

"मला महिना झाला," वहिनी म्हणाल्या, आणि दोघंही हसायला लागले. वहिनींचा नवरा मात्र बराच वेळ पातेल्यातच बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे महिनाभर आम्ही याच्या जिभेवर जगलो?" त्या दिवशी सगळ्यांनी आम्लेट-पाव खाल्ला.

पुढच्या रविवारी सुनेने पदर खोचलाच. सासूबाईंना स्टुलावर बसवून तिने सगळा स्वयंपाक एकटीने केला. पहिल्याच घासाला जावयाने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. वहिनींच्या नवऱ्याने भात कालवला, पुन्हा कालवला, आणि नुसताच कालवत राहिला. मीठ बहुधा दोनदा पडलं होतं.

"कसं झालंय?" सुनेने विचारलं.

"फार छान," वहिनी आणि भावजी म्हणाले आणि दोघांनी पुन्हा वाढून घेतलं.