मागची सीट

राजशेखरनं जिप्सीची मागची सीट काढून अंगणात ठेवली, तेव्हा शांभवी लेकीला कडेवर घेऊन बाहेर आली. हिमालयात स्पितीला जायचा बेत दोघांनी लग्नाआधीच ठरवला होता. पण लेकीच्या हृदयाला छिद्र निघालं आणि डॉक्टरांनी तिला उंचावर न्यायला मनाई केली.

“पुढच्या वर्षी तिघं जाऊ की.”

“गेल्या वर्षीबी हेच म्हणालीस. गाडी गंजायची वाट बघू व्हय? मी एकटाच जातो.”

सीटच्या जागी त्यानं पेट्रोलचे कॅन रचून दोरीनं बांधले. गाठी सैल होत्या. खड्ड्यात कॅन सुटला तर त्याच्याच मानेवर येणार, हे तिनं हेरलं. लेकीला त्याच्या हातात देऊन ती गाडीत चढली आणि ओठ दाबून एकेक गाठ करकचून आवळू लागली.