लवंगेच्या वासाची शांती

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बेतानियाच्या धरणात पिंजरे सोडून मासे पाळणारे आम्ही सगळे पिंजरेवाले त्या रविवारी चर्चमधून थेट पाण्याकडे आले होते, कारण बंधू एलिएसेर माशाला तळहातावर झोपवून दाखवणार होता.

पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातला हा गृहस्थ टोपाशेजारी उभा होता. टोपात नुकताच जाळ्यातून काढलेला लाल तिलापिया मासा पाणी उडवत थैमान घालत होता.

"बघा बिचाऱ्याला!" बंधू कळवळला. "गर्दीचा ताण, जाळ्याचा ताण, मालकिणीच्या शिव्यांचा ताण! माशालाही मन असतं, बायांनो. आणि मनाला काय हवं? शांती!"

त्यानं पोत्यातली चिमूटभर पिवळी पूड पाण्यात टाकली, वर बाटलीतल्या मंतरलेल्या पाण्याची धार सोडली आणि डोळे मिटून पुटपुटत बसला. पाचेक मिनिटांत माशाची धडपड थांबली. बंधूनं त्याला तळहातावर घेतलं, तरी मासा निपचित. मग स्वच्छ पाण्याच्या बादलीत सोडला, तर थोड्या वेळानं तो कल्ले हलवत पोहायला लागला. बायकांनी छातीवर क्रूस काढले. पुडीच्या पोत्यांसाठी रांग लागली.

मी लुदिविया. असल्या बुवांना मी दारातही उभं करत नाही. मी मागं गालाला हात लावून उभी होते. पंधरा दिवस दाढ ठणकत होती आणि तिच्यात लवंगेच्या तेलाचा बोळा कोंबलेला होता. मला कॉफीला लवंगेचा वास यायचा, मक्याच्या भाकरीलाही यायचा. टोपातल्या पाण्यालाही आला, तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

तेलाची ती कुपी मला अर्सेसियोनं दिली होती. अर्सेसियो माझा कोंपाद्रे, मी त्याची कोमाद्रे. बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्या लेकीला त्यानं हातात धरलं होतं, आणि आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा वरचं. आमच्या पिंजरेवाल्यांच्या संस्थेचं मासळीखाद्याचं कोठार त्याच्याच ताब्यात. बंधूचा टोपही तोच उचलून आणायचा.

"कोमाद्रे, ही पूड खाद्यात मिसळा," तो म्हणाला. "शांत माशाला जागा कमी लागते. दोन पिंजऱ्यांतले मासे एकात घाला आणि रिकाम्या पिंजऱ्यात बोटाएवढी नवी पिल्लं सोडा."

"आणि गुदमरून मेले म्हणजे?"

"मी तुम्हाला कधी खोटं सांगितलंय?"

नव्हतं सांगितलं. मी बंधूवर विश्वास ठेवला नाही, अर्सेसियोवर ठेवला. माझे चारच पिंजरे, घर त्यांच्यावरच चालायचं. पूड खाद्यात मिसळली आणि चारांचे मासे मी दोनांत कोंबले.

दहा दिवसांत मासे खरंच शांत झाले. जाळं उचललं तरी उसळेनात. खाद्य टाकलं तर वर येतील न येतील. आयुष्य पिंजऱ्यांवर काढलेली बाई मी, पण म्हटलं, चला, आली शांती. अर्धमेल्या माशाला मी समाधानी समजले. दोन दिवसांनी पहाटे होडी घेऊन गेले, तर दोन्ही पिंजऱ्यांत मासे पोट वर करून तरंगत होते. पाणी उतरलेलं, त्यातली हवा सरलेली आणि जागेच्या दुप्पट तोंडं. आठ महिन्यांचं काम मी हातांनी उपसून टाकलं आणि होडीतच बसून रडले.

बंधूकडे उत्तर तयार होतं. "ताई, खाद्य टाकताना तुमच्या हातात राग होता."

"राग कसला? दाढ दुखत होती माझी!"

"तेच ते! तुमची वेदना माशांत उतरली."

शेजारी उभ्या अर्सेसियोनं मान डोलावली. बंधूचं बोलणं मी थुंकून टाकलं असतं. पण ती डोलावलेली मान मला लागली.

त्याच आठवड्यात यागुआरा गावी जाऊन मी दाढ उपटून घेतली. पुढच्या रविवारी पुन्हा तोच टोप, तीच पुटपुट. मी मुद्दाम पुढं जाऊन उभी राहिले, आणि बंधूनं बाटली उघडताच लवंगेचा वास आला. माझी जीभ आपोआप दाढेच्या खड्ड्यात गेली. तिथं ना दाढ होती ना बोळा.

मी गर्दीतून निघाले ती थेट कोठारात. पोत्यांच्या मागं लवंगेच्या तेलाचा पाच लिटरचा डबा उभा होता. शेजारी बडीशेपेच्या दारूच्या बाटल्या आणि बंधूच्या हातात असायच्या तसल्याच रिकाम्या पांढऱ्या बाटल्या. अख्ख्या धरणाच्या दाढा किडल्या तरी एवढं तेल लागलं नसतं. माझ्या दाढेला दिलेली कुपी याच डब्यातून भरली होती.

डबा आणि दारू घेऊन मी धक्क्यावर आले.

"ओतिलियाकाकू, दोन बादल्या आणि दोन मासे द्या."

"तू कधीपासून संतीण झालीस गं?" धक्क्यावर मासे विकणाऱ्या काकू हसल्या, पण बादल्या दिल्या.

एका बादलीत मी बंधूची पूड मूठभर टाकली. मासा उड्या मारतच राहिला. दुसरीत दारूत घोळवलेलं तेल टाकलं, कारण नुसतं तेल पाण्यात मिसळत नाही. पाच मिनिटांत तो मासा माझ्या हातावर निजला.

"मी मंत्र म्हटला नाही," मी ओरडले. "दाढ जशी बधिर होते, तसा हा मासा बधिर झालाय. तेल कल्ल्यांतून आत जातं. स्वच्छ पाण्यात सोडा, उतरेल. जास्त टाका, मरेल. आणि पोत्यात काय आहे? मक्याचं पीठ आणि रंग!"

बंधू एलिएसेरला अचानक दुसऱ्या गावची प्रार्थना आठवली. तो गेला. त्याचा मला फार राग नाही, तो फसवायलाच आला होता.

"अर्सेसियो," मी विचारलं, "तुझ्या पिंजऱ्यात मासे किती?"

ओतिलियाकाकूंनीच धक्क्यालगतच्या त्याच्या पिंजऱ्याचं जाळं उचललं. पूर्वी होते तेवढेच मासे, मोकळे, आणि कसे उसळत होते! त्यानं स्वतःचा एकही पिंजरा दाटीचा केला नव्हता. पुडीचा कणही त्याच्या माशांनी खाल्ला नव्हता.

"कोमाद्रे, मी तुम्हाला सांगणारच होतो..."

"कधी? याच हातांत माझ्या लेकीला धरलं होतंस ना?"

मत्स्यखात्याच्या डॉक्टरीणबाई सांगतात, खाद्यात चांगली जीवनसत्त्वं असली तर मासे ताण थोडा बरा सोसतात. असेलही. पण कुठल्याच पुडीनं पाण्यात हवा वाढत नाही, की पिंजरा मोठा होत नाही. कुणी काही नवं दिलं तर एका पिंजऱ्याला द्या, दुसऱ्याला देऊ नका, आणि दोन्हींतले मासे मोजा. जाळं उचलल्यावर जो उसळतो तो मासा ठीक असतो, हे विसरू नका. आणि पोतं घ्यायला सांगणाऱ्याला, मग तो कितीही जवळचा असो, आधी विचारा की तुझ्या पिंजऱ्यात काय चाललंय. अर्सेसियोचे पिंजरे मी होडी बांधते तिथून वीस हातांवर होते. मी एकदाही डोकावले नाही.