पुढं ओढला गेलेला खांदा

हनुमान पैलवानाचा उजवा खांदा दिवाळीपासून दुखत होता. हात डोक्याकडे नेला की अर्ध्यातच कळ निघायची. नारायणगडची जत्रा तोंडावर आली, तेव्हा त्याचे उस्ताद चाँदभाई त्याला बीडला घेऊन गेले. त्यांची मुलगी अदिबा तिथं फिजिओथेरपिस्ट होती.

तिनं त्याला पाठमोरं उभं केलं आणि हात सावकाश वर न्यायला सांगितला. छाती जोर मारून मारून दगडासारखी झालेली, पण पाठीच्या वरच्या भागातले स्नायू दुबळे राहिलेले. छाती खांद्याला सारखी पुढं ओढत होती, मागून धरून ठेवायला ताकद नव्हती. म्हणून हात उचलताना स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा खांद्याच्या हाडाखाली घासत होती. आधीच झिजलीय, हिसका बसला तर तुटेल, असं तिनं बजावलं. जोर बंद, कुस्ती बंद. फक्त रबरी पट्टा मागं ओढायचा.

हनुमानला ते पोरखेळ वाटलं. तालमीत तो कडेला बसायचा, उठायचा, दाराशी जाऊन परत यायचा. दुसऱ्यांच्या शड्डूचा आवाज आला की त्याच्या मांड्या आपोआप ताठ व्हायच्या. जेवण गोड लागेना. घरच्यांवर उगाच खेकसायला लागला.

जत्रेला तो नुसता बघायला गेला. फडात दिंद्रुडचा बंकट पैलवान लढायला जोडीदार शोधत फिरत होता. लोक हनुमानचं नाव घेऊ लागले.

"उस्ताद, मला बसवत न्हाई," तो म्हणाला.

चाँदभाईंनी त्याचा उजवा खांदा चाचपला. "उतर मग. पण हात आडकला तर सोडून दे. कुस्ती परत मिळंल, खांदा न्हाई."

पहिली पकड हनुमाननं चांगली घेतली. मग बंकटनं नेमका उजवा हात पिळला. एक हिसका दिला असता तर सुटता आलं असतं. खांद्यात आत काहीतरी ताणत गेलेलं त्याला कळलं. त्यानं अंग सैल सोडलं. पाठ मातीला लागली. कुणीतरी हसलं, कुणी शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पट्टा खांबाला बांधला आणि कुणी न सांगता ओढायला लागला.

उन्हाळ्यात अदिबानं हात वर न्यायला लावला. तो कानाला लागला, कळ आली नाही. आता जोर मारू का, असं त्यानं लगेच विचारलं.

"थोडे मारा. आणि जेवढे माराल तेवढाच पट्टाबी ओढा," ती म्हणाली.

तिचं बोलणं संपायच्या आत तो चप्पल घालत होता.