आवडाबाईंचा गळा

मानपाड्यात आगऱ्यांच्या घरी लग्न ठरलं की आधी आवडाबाईंना निरोप जायचा आणि मग मांडववाल्याला. आवडाबाई धवलारीण होत्या. हळद दळण्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत, लग्नातल्या प्रत्येक कामाला देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना गाण्यातून आवतण द्यायचं, ते त्यांचं काम. गाणी सासूकडून आलेली, गळा मात्र स्वतःचा. उंच आणि धारदार. डीजे लावणारी पोरंही त्या गायला बसल्या की आपणहून आवाज बंद करायची.

साठी उलटल्यावर त्यांच्या गळ्याशी गाठी दिसायला लागल्या. मुलगा मयूर ठाण्याला राहायचा. तो त्यांना तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. सुई घालून तपासलं तर रिपोर्ट धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. कॅन्सर नाहीच असं सांगता येत नाही, थायरॉइड पूर्ण काढून टाकू, असं डॉक्टर म्हणाले. आवाजाची नस तिथूनच जाते, क्वचित कुणाला त्रास होतो, हेही त्यांनी सांगितलं. मयूरने मान डोलावली. आवडाबाईंनीही डोलावली. कॅन्सर हा शब्द ऐकल्यानंतरचं त्यांच्या डोक्यात काही शिरलंच नव्हतं.

ऑपरेशन झालं आणि गाठी साध्या निघाल्या. मयूरने पेढे वाटले. शेजारी राहणारे दीर काळुराम एकवीरेला नारळ देऊन आले. आणि आवडाबाईंच्या तोंडून नुसती हवा बाहेर येत होती.

सूज आहे, उतरेल, असं आधी सगळे म्हणाले. सूज उतरली. गळ्यावरची आडवी रेघही फिकी पडत गेली. आवाज आला नाही. डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून बघितलं. आवाजाच्या दोन पट्ट्यांपैकी डावी हलत नव्हती. नस तुटलेली नाही, दुखावली आहे, वर्षभर वाट बघू, असं ते म्हणाले. ऑपरेशन तसं व्यवस्थितच झालं होतं.

घरी आल्यावर एकेक गोष्ट कळायला लागली. पाणी गटकन प्यायलं की ठसका लागून जीव कासावीस व्हायचा, म्हणून हनुवटी छातीला टेकवून घोट घोट प्यायचं. कॅल्शियमची गोळी राहिली की बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या. त्याची सवय झाली. पण विठ्ठलवाडीच्या बहिणीला फोन लावला, तर तिने दोनदा "कोन? कोन बोलतंय?" विचारलं आणि राँग नंबर समजून ठेवून दिला. रस्त्यावरून रिक्षाला हाक मारता येईना. भाजीवालीसमोर उभं राहिलं तरी मागून आलेल्या बाया आधी भाजी घेऊन जायच्या. आणि एक चमत्कारिक गोष्ट अशी की त्या कुजबुजल्यासारखं बोलायच्या म्हणून समोरचाही कुजबुजायला लागायचा. जणू घरात कुणी गेलंय. मग लोक बोलणं आवरतं घ्यायचे.

दुःख करायचीही सोय नव्हती. तोंड जरा उतरलेलं दिसलं की कुणीतरी म्हणायचं, जीव वाचला ना, अजून काय पाहिजे. ते खरंच होतं. त्यामुळे आवडाबाई मान हलवायच्या. इमारत त्यांचीच, त्यांच्याच भाताच्या शेतावर उभी राहिलेली. वरच्या तिन्ही मजल्यांवर भाडेकरू. जिन्यावरून दिवसभर चपला वाजायच्या. तळमजल्यावर टीव्ही चालू असायचा, आणि त्यातली माणसं त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलायची.

आवाजाच्या व्यायामासाठी मयूर त्यांना आठवड्यातून एकदा कोपरीला न्यायचा. नंतर त्याला सुट्टी मिळेना, तेव्हा त्या बसने एकट्या जायला लागल्या. शिकवणारी आसावरी तिशीतली, शांत मुलगी. ती दोन्ही तळवे टेबलावर दाबून 'आ' म्हणायला लावायची, ओठ मिटून गुणगुणायला लावायची. एकदा तिने विचारलं, आवाज नेमका कशासाठी हवाय, फोनवर बोलायला, बाजारात, की अजून कशाला?

"मना गाना गावाचा हाय," आवडाबाई म्हणाल्या.

आसावरीने समोरची वही मिटली. मग म्हणाली, "मावशी, बोलायचा आवाज आपण बराचसा आणू. वरचा सूर येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. खूप मोठी गोष्ट गेलीय तुमची."

ऑपरेशनपासून आवडाबाई कुणासमोर रडल्या नव्हत्या. त्या दिवशी रडल्या, तेही आवाजाशिवायच. आसावरीने पुढच्या पेशंटला बाहेर थांबायला सांगितलं.

तुमचं जुनं गाणं कशात भरलेलं असेल तर ऐकायला आणा, असं आसावरीने त्यांना निघताना सांगितलं होतं. त्यांनी मयूरला सांगितलं. त्याने स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ शोधून काढला. पडद्यावर आवडाबाई पाटावर बसून हात हलवत गात होत्या, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, मागे चार बाया सूर धरून. पण ऐकू येत होतं ते त्यावर चढवलेलं सिनेमातलं गाणं. व्हिडिओवाल्याने सगळीकडे तेच टाकलं होतं. मयूरने अजून दोन नातेवाइकांकडे चौकशी केली. तिथेही तेच. इतकी वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात गायलेल्या बाईचा आवाज कुणाकडेच नव्हता. मयूर ओशाळला. त्या म्हणाल्या, असू दे.

उन्हाळ्यात काळुरामच्या नातीचं, करिश्माचं लग्न निघालं. काळुराम स्वतः आवतण घेऊन आले. गायला कल्पिताला बोलावलंय, असं त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. वहिनी, तुम्ही नुसतं निवांत बसायचं. कल्पिता पूर्वी आवडाबाईंच्या मागे सूर धरायची. हळदीच्या दिवशी आवडाबाईंना पुढच्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं. सरबत आलं. ठसका लागेल म्हणून त्यांनी ते हातातच धरून ठेवलं.

जात्यावर हळद पडली आणि कल्पिताने गाणं उचललं. गळा बरा होता तिचा. देवांची नावं घेऊन झाली, आणि घरातल्या पूर्वजांना बोलवायची वेळ आली तेव्हा ती अडली, दोन नावं गाऊन पुढच्या गाण्याकडे वळायला लागली. आवडाबाईंच्या सासऱ्यांचं नाव राहिलं, नवऱ्याचं राहिलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या खुर्चीतून उठल्या, सतरंजीवर कल्पिताच्या शेजारी जाऊन बसल्या आणि गायला तोंड उघडलं. खरखर निघाली. आवाज वर चढवायला गेल्या तसा तुटला. दोन पोरी हसल्या, मग त्यांच्या आईने त्यांना चिमटा काढला.

कल्पिताने गाणं थांबवलं. "काकी, तू नुसता बोल. मी गातंय."

मग आवडाबाई एकेक ओळ बोलत गेल्या, खालच्या, पुरुषी वाटणाऱ्या आवाजात, आणि कल्पिता ती उंच नेत राहिली. सगळी नावं आली. ओळी त्यांच्या होत्या, पण वर जाऊन भिडत होता तो आवाज परक्याचा होता, आणि तो ऐकताना त्यांना आपण मांडवाबाहेर उभ्या असल्यासारखं वाटलं. जेवणाच्या वेळी बायांनी कल्पिताभोवती घोळका केला. आवडाबाई घरी येऊन वरणभात जेवल्या.

वर्ष झाल्यावर पुन्हा दुर्बीण घातली. डावी पट्टी तशीच होती. उजवी आता तिच्यापर्यंत येऊन टेकत होती. डॉक्टर खूश झाले. आता फोनवर त्यांचं बोलणं कळायचं, रिक्षाही थांबायची. पाण्याचा ठसका गेला. आसावरीने व्यायाम बंद केले तरी चालेल असं सांगितलं, आणि दारापर्यंत सोडायला आली. कोपरीला जाण्याचं कारण संपलं, याचं आवडाबाईंना बसमध्ये वाईट वाटत राहिलं.

पुढच्या लग्नसराईत एका दुपारी कल्पिताचा फोन आला. ती कुठल्यातरी मांडवात होती, मागे गलका चाललेला. नवरी उठवतानाच्या गाण्याची तिसरी ओळ आठवत नव्हती. आवडाबाईंनी ती सांगितली. कल्पिता म्हणाली, "हा, हा, आठवला," आणि फोन बंद झाला.

त्यांनी फोन बाजूला ठेवला. समोर निवडायच्या तांदळाचं सूप होतं. चौथी ओळ ओठांवर आलीच होती, ती त्यांनी म्हटली. मग पुढची. वर जायची जागा आली तिथे त्या वर गेल्या नाहीत, खालूनच वळल्या. जिन्यावरून कुणीतरी चपला वाजवत खाली गेलं. गाणं लांब होतं, तांदूळही बरेच होते, आणि संध्याकाळपर्यंत कुणी येणार नव्हतं.