टफोयाच्या आवारात

लोरीनने सिंकखालचं कपाट उघडलं, आतल्या साबणाच्या बाटल्या बाहेर काढल्या आणि गुडघ्यांवर बसून हेअर ड्रायरचा झोत गोठलेल्या नळीवर धरला. गाडीच्या पत्र्यापलीकडून वेंडलचा आवाज आला.

"सुटलं का?"

"नाही अजून."

"हात हलवत राहा. एकाच जागी धरलंस तर नळी चिरेल."

"जशी काही पहिल्यांदाच करतेय मी हे," ती पुटपुटली.

वेंडल बाहेर मैल्याच्या टाकीची जाड नळी गुंडाळायच्या खटपटीत होता. थंडीने ती लाकडासारखी कडक झाली होती. एका टोकाला वाकवली की दुसरं टोक उसळून वर येई. थोड्या वेळाने त्याने ती तशीच जमिनीवर सोडली आणि हात बगलेत घालून उभा राहिला.

नेब्रास्कातलं घर विकून दोघांनी ही राहायची मोठी गाडी घेतली त्याला काही वर्षं झाली होती. "कंटाळाल," असं मुलगी म्हणाली होती. कंटाळा असा आला नव्हता. पण अंगाला साबण लावताना पाणी बंद ठेवायचं, दर गावात नवा डॉक्टर गाठून त्याला आपलं दुखणं पहिल्यापासून सांगायचं, हे काही माहितीपत्रकातल्या रंगीत चित्रांत नव्हतं. भांडण झालं तर रुसून जायला दुसरी खोली नव्हती. लोरीन अशा वेळी न्हाणीचं दार लावून कमोडच्या झाकणावर बसून राही आणि पलीकडे वेंडलचा प्रत्येक श्वास तिला ऐकू येई.

आणि गाडी बिघडली की घरच बिघडे. शरद संपता संपता न्यू मेक्सिकोतल्या एका घाटात ब्रेक लागेना. वेंडलने गाडी कशीबशी कडेच्या वाळूत घातली. तिथून ती ओढून आणली ती गावाबाहेरच्या युसेबियो टफोयाच्या गॅरेजमध्ये. गाडीचं मॉडेल जुनं, कंपनी बंद पडलेली. ब्रेकचा सुटा भाग कुठूनतरी शोधून मागवायला हवा होता. तोवर राहा इथेच, असं टफोया म्हणाला. गॅरेजमागच्या आवारात, मोडक्या ट्रकांच्या रांगेत, त्याने विजेची तार ओढून दिली. तेव्हापासून दोघं तिथेच होते.

वेंडल रोज सकाळी गॅरेजमध्ये जाऊन यायचा आणि दारातूनच सुरू व्हायचा.

"नाही आला. हा माणूस आपल्याला इथेच पुरणार."

लोरीन कपड्यांची पिशवी घेऊन गावात चालत जाई. कपडे धुवायच्या दुकानात ऑफेलिया नावाची बाई भेटली, तिने तिला चर्चच्या स्वयंपाकघरात नेलं. तिथे बुधवारी गावातल्या म्हाताऱ्यांसाठी जेवण बने. दुसऱ्या बुधवारी लोरीन दारात दिसताच ऑफेलियाने हातातलं काम न थांबवता सुरी पुढे केली.

"लोरीन, कांदे तुझ्याकडे. रडायचं असेल तर आत्ताच रडून घे."

बायका हसल्या. लोरीन कांदे चिरायला बसली. आपल्याला नावाने हाक मारून कुणी काम सांगितलं, असं किती दिवसांनी झालं, हे तिला आठवेना.

नळी गोठली त्या दुपारी वेंडल आडवा झाल्यावर ती अंगावर कोट चढवून गॅरेजमध्ये गेली. टफोया एका ट्रॅक्टरच्या इंजिनावर वाकला होता. तिला पाहून त्याने रेडिओ बंद केला.

"नळ सुटला का, मिसेस हॅस्केट?"

"सुटला." ती दोन पावलं जवळ आली. "मिस्टर टफोया, एक विचारू? तो भाग आला ना, तर लगेच वेंडलला सांगू नका. ईस्टरपर्यंत तरी. तुमच्या जागेचं काय ते मी देईन."

टफोयाने फडक्याने हात पुसले. एकेक बोट पुसत राहिला.

"तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता की नाही?"

"म्हणजे?"

"भाग कधीचाच आलाय. तुम्ही चर्चमध्ये होतात त्या दिवशी बसवलासुद्धा. तुम्हाला सांगू नको, असं वेंडलच म्हणाले."

लोरीनने वळून दारातून आवारातल्या गाडीकडे पाहिलं.

"मी म्हटलं, जरा रस्त्यावर फिरवून बघा," टफोया म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "चढून बसले. किल्ली लावली. इंजिन नुसतं चालू, आणि हे बसलेले. मला वाटलं, काही दुखतंय. मग उतरून किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, तूच फिरव, मला उजवीकडचं दिसत नाही."

"कधीपासून?"

"ते मी नाही विचारलं."

बाहेर वारा सुटला होता. आवारातून परत येताना लोरीनला पेट्रोल पंपावरचा तो खांब आठवला. गाडी घासली तेव्हा वेंडल त्या खांबालाच शिव्या देत होता. अंधार पडायच्या आत कुठेतरी थांबायचा त्याचा नवा हट्ट आठवला. रस्त्यावरच्या पाट्या तिला मोठ्याने वाचायला सांगायचा. तुझीही करमणूक होईल, म्हणायचा. आणि त्या घाटात ती त्याच्या शेजारी बसली होती, गाणं गुणगुणत.

तिला ही गाडी चालवता येत नव्हती. परत जायला घर नव्हतं. मुलीकडे दोन खोल्या आणि तीन मुलं होती. ती दाराच्या पायरीवर पाय ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग बुटांची माती झटकली आणि आत गेली.

वेंडल उठला होता. टेबलावर नकाशा पसरून बसला होता.

"कुठे होतीस? मी टफोयाला स्पष्ट सांगणार आहे. या आठवड्यात भाग आला नाही तर गाडी दुसरीकडे ओढून नेतो. मग टेक्सास. समुद्रावर. हे बघ, इथे."

त्याने बोट टेकवलं. बोटाखाली ओक्लाहोमा होतं, टेक्सासच्या वरचं, समुद्रापासून कितीतरी दूर.

"छान आहे," लोरीन म्हणाली.

तिने बीन्स गरम केले, मक्याचा ब्रेड कापला, दोन ताटल्या मांडल्या. टेबलाशी तिची जागा ठरलेली होती, वेंडलच्या उजव्या हाताला, चुलीजवळ. ती बसली. मग उठली, ताटली उचलली, त्याच्या पाठीमागून अंग चोरून पलीकडे गेली आणि त्याच्या डाव्या बाजूला बसली.

वेंडलचा चमचा हवेतच राहिला.

"तिकडे का?"

"इथे बरा उजेड आहे."

उजेड दिव्याचा होता आणि दिवा चुलीच्या वर, तिच्या आधीच्या जागेपाशी होता. वेंडलने दिव्याकडे पाहिलं नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे बघावं तसा. मग त्याने चमचा खाली ठेवला आणि पुढ्यातला नकाशा दुमडायला घेतला. घडी काही नीट बसेना. लोरीनने हात पुढे केला नाही.

"बुधवारी," तो नकाशाकडेच बघत म्हणाला, "तुझ्या त्या बायकांना कांदे चिरायला आणखी एक माणूस चालेल का?"

"विचारते," लोरीन म्हणाली. "जेव आता. गार होतंय."