मेरेरिडने उभं राहावं

माझ्या नवऱ्याच्या, इडवलच्या घराण्यात बाळाचं नाव ठरवायची एक रीत होती. मागच्या दारात उभं राहून वरच्या कुरणाकडे हाक मारायची. मेंढ्यांच्या कलकलाटातून जे नाव कुंपणापर्यंत पोचेल, ते बाळाचं. मला दिवस गेले तो सगळा हिवाळा आम्ही हाका मारण्यातच घालवला. खाणीतून आला की तो वर कुंपणाशी जाऊन उभा राहायचा आणि मी दारातून ओरडायची. मुलगा झाला तर इथेल, टिडिर किंवा एडनव्हेड. मुलगी झाली तर अंगहारद, लाउरी, ग्वेन्लियन.

"एडनव्हेड अर्ध्या वाटेतच दमतो," खाली येऊन तो सांगायचा.

"आणि ग्वेन्लियन?"

"ती कुत्र्याला कळली. मला नाही."

सासूबाई शेगडीपाशी विणत बसलेल्या असायच्या. "हल्ली लोक मॉरीन ठेवतात, शर्ली ठेवतात. तुमची नावं म्हणजे थडग्यांवरची. शाळेत इंग्रज मास्तरांची जीभ मोडेल."

"मोडू दे की आई. त्या जिभेनं आम्हाला काय कमी शिव्या दिल्यात?" इडवल म्हणायचा.

एका संध्याकाळी मी मेरेरिड अशी हाक मारली. मेरेरिड म्हणजे मोती. त्यानं नुसती टोपी काढून हलवली. तेवढ्यावरच ठरलं.

मार्चमध्ये ती जन्मली, पण जिवंत नव्हती. सुईणीनं तिला टॉवेलात गुंडाळलं. बाप्तिस्मा न झालेल्या बाळाचं नाव तेव्हा कुठेच लागत नसे. इडवलनं एकट्यानं जाऊन तिला चॅपलच्या भिंतीलगत पुरलं. वर दगडसुद्धा नाही. परत आला तो बूट न काढता बसला.

"एर्लिस, ते नाव या घरात पुन्हा नको," तो म्हणाला. "मला सोसायचं नाही."

मी हो म्हटलं. पण मला ते नाव घ्यायचं असायचं. कणीक तिंबताना, धुणं वाळत घालताना ते ओठाशी यायचं आणि मी गिळून टाकायची. एकदा जेवताना चुकून निघालं, तर तो ताटावरून उठला आणि गोठ्यात जाऊन बसला. त्यानंतर मी काळजी घेतली. त्याचं दुःख माझ्यापेक्षा मोठं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पुढे दोनेक वर्षांनी गावच्या काव्यमेळ्याचा दिवस आला. इडवल कविता करायचा, पण खाणीतले निम्मे पुरुष करायचे, त्यामुळे कुणी कुणाला विचारत नसे. मेळ्यात कविता टोपणनावानं धाडायची. शेवटी परीक्षक व्यासपीठावरून जिंकलेलं टोपणनाव पुकारतात आणि ज्याचं असेल त्यानं गर्दीतून उठायचं. मग त्याला सगळ्यांसमोर कोरीव खुर्चीवर बसवायचं. इडवल समूहगायनातल्या पुरुषांबरोबर मागे बसला होता, मी पुढे शेजारच्या मेगनजवळ. परीक्षकांचं भाषण लांबलं होतं. माझं लक्ष नव्हतं. घरी केक नीट फुगला असेल का, हे मी मनात घोळवत होते.

"मेरेरिडने," परीक्षक म्हणाले, "आणि फक्त मेरेरिडने, उभं राहावं."

मी उभी राहिले.

कशी राहिले ते मला सांगता येणार नाही. तिला कुणीतरी बोलावलं आणि तिच्या वतीनं उठायला माझ्याशिवाय कोण होतं? टाळ्यांचा कडकडाट झाला. मेगननं माझा हात दाबला.

"अगं, तू? आणि मला पत्ता नाही?"

मग टाळ्या मध्येच विस्कळीत झाल्या. लोक मागे वळून बघू लागले, म्हणून मीही वळले. मागे इडवल उभा होता.

"दोघांपैकी एकाला बसावं लागेल," परीक्षक म्हणाले. सभागृह हसलं.

इडवल माझ्याकडे बघत होता. बसला मात्र नाही. मी बसले.

रीतीप्रमाणे त्याच्या डोक्यावर तलवार धरली आणि लोकांना तीनदा विचारलं, "शांतता आहे का?" तिन्ही वेळा सगळं गाव गरजलं, "शांतता." मी तोंड उघडलं नाही. मग कविता वाचली गेली. तिच्यात सगळं होतं: मागचं दार, माझी हाक, टॉवेल. कणीक तिंबताना बाई एक शब्द गिळते, तेसुद्धा होतं. म्हणजे त्याला दिसत होतं. आसपासच्या बायका डोळे पुसत होत्या.

घरी येताना तो म्हणाला, "मला बोलता येत नव्हतं गं. म्हणून लिहिलं."

"मला येत होतं. तू बोलू दिलं नाहीस."

मग त्यानं विचारलं, "पण कविता चांगली झालीय ना?"

चांगली झाली होती. तेच जास्त लागलं.

त्यानंतर ती कविता शाळेतली पोरं पाठ म्हणू लागली. दुकानात गेलं की कुणीतरी म्हणायचं, "सरका रे, मेरेरिडची आई आलीय." जे नाव मी माझ्या स्वयंपाकघरात उच्चारू शकत नव्हते, ते बटाटे तोलताना ऐकू येई. पुढल्या वर्षी मेगनला मुलगी झाली. मी लोकरीचे मोजे घेऊन बघायला गेले.

"मेरेरिड ठेवतोय," मेगन म्हणाली. "इडवलला विचारलं हं आधी. लगेच हो म्हणाला बिचारा. तुला बोलला असेलच."

"बोलला," मी म्हणाले.

बाप्तिस्म्याला मी पहिल्या रांगेत होते. पाद्रीबाबांनी कपाळाला पाणी लावून नाव घेतलं. ते नोंदलं गेलं, कायमचं झालं. नंतर चहाच्या वेळी मेगननं पोर माझ्या मांडीवर दिली. तिचं मन चांगलं होतं; आपण मला काहीतरी परत देतोय असंच तिला वाटत होतं.

"हाक मार ना तिला, एर्लिस. तुझ्या तोंडून ऐकू दे."

इडवल पेला हातात धरून थांबला होता. मी पोरीकडे बघितलं. नाक सगळं मेगनचं होतं.

"काय गं बाळ," मी म्हणाले.

इडवलला जाऊन बरीच वर्षं झाली. मेगनही गेली. तिची ती लेक आता नातवंडांची आजी आहे आणि दर गुरुवारी मला मनुकांचा पाव आणून देते, खिडक्या पुसते, माझ्या गोळ्या बघते. मी तिला अजून बाळच म्हणते. परवा दारात ती तिच्या नवऱ्याला हळूच सांगत होती की म्हातारीला आता नावं आठवत नाहीत.

मी ऐकलं आणि तिला म्हटलं, "बाळ, दार ओढून घे, वारा येतोय."