कापलेली पट्टी

तिनं कागदाची डावी पट्टी कात्रीनं सरळ कापली, घडी घालून पर्समध्ये कोंबली आणि उरलेला आलेख बाबांच्या पांघरुणावर पसरला.

तीन हजार मीटर खोल तेलविहिरीचा तो आलेख. "इथल्या खडकात तेल तयार झालंय, खोदा," असा बाबांनी तीस वर्षं कंठशोष केला. साहेब लोकांनी या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं. आता बाबांनी अंथरूण धरल्यावर कंपनीला जाग आली, आणि नोंदी वाचायचं काम नेमकं त्यांच्या लेकीच्या वाट्याला आलं. डॉक्टर आता महिन्यांऐवजी आठवडे मोजत होते.

बाबांचं बोट दोन रेषांवरून सरकू लागलं. एक ध्वनीची, एक विद्युतरोधाची. साध्या खडकात त्या चिकटून चालतात. फाकल्या, तर तिथं तेल देणारा खडक असू शकतो. इथं त्या चाळीस मीटरभर चांगल्या फाकल्या होत्या.

"बघा, तुम्ही म्हणत होता तिथंच."

बाबांचा चेहरा उजळला. मग बोट डाव्या कडेशी येऊन थांबलं.

"कॅलिपर कुठाय?"

म्हणजे भोकाची रुंदी दाखवणारी रेषा. भोक ढासळलं असेल, तर बाकीच्या दोघी उगाचच फाकतात. त्या चाळीस मीटरमध्ये ते पार ढासळलं होतं. खडकात काही म्हणजे काही नव्हतं.

"छापायचा राहिला," ती म्हणाली. खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे, अगदी लहानपणापासून.

बाबांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

आई औषध घेऊन आली. बाबा कॅम्पवर असताना निम्मा संसार तिनं एकटीनं ओढला होता.

"मिळालं का हो तुमचं ते?"

"मिळालं," बाबा म्हणाले. "म्हटलं नव्हतं?"

आई पलंगाच्या कडेवर टेकली. "बाई गं! म्हणजे अगदीच पाण्यात नाही गेली इतकी वर्षं." तिला हसू आणि रडू एकदमच आलं. डोळे पुसत ती चमचा विसळायला आत गेली.

बाबांनी नळाचा आवाज येईपर्यंत वाट पाहिली.

"ऑफिसात मात्र पूर्ण कागद दे."

"सकाळीच दिलाय, बाबा. सोमवारी विहीर बुजवताहेत."

"शाबास," ते म्हणाले, आणि चष्मा काढून तिच्या हातात दिला.